सेवा-विपणन
बँकव्यवहार, विमा, वाहतूक, उपाहारगृहे, रुग्णालये इत्यादींच्या सेवांची आखणी, किंमत, प्रसिद्धी व ग्राहकांना मिळणारा लाभ यांचा अभ्यास करणारी विपणनशास्त्राची शाखा. विपणनशास्त्राचा पाया शेतमाल व कारखानी वस्तू यांच्या वितरणाच्या अभ्यासातून घातला गेल्यामुळे सेवांना त्यात दीर्घकाळ दुय्यम स्थान होते. जॉन रॅथमेल यांनी १९६६ मध्ये वस्तू व सेवा यांतील भेदाची चर्चा केली. सिटीबँकेतील अधिकारी लिन शोस्टॅक यांनी १९७७ मध्ये, वस्तूंसाठी घडविलेल्या संकल्पना सेवांना अपुऱ्या पडतात, असे प्रतिपादन केले. त्यानंतर या विषयातील संशोधनास वेग आला.

सेवेची चार लक्षणे मानली गेली : ती अमूर्त असते, तिचे उत्पादन व उपभोग एकाच वेळी होतात, तिचा दर्जा देणाऱ्यागणिक बदलतो आणि तिचा साठा करता येत नाही. यास्तव बर्नार्ड बूम्स व मेरी जो बिटनर यांनी १९८१ मध्ये वस्तू, किंमत, स्थान व प्रवर्तन या विपणनाच्या चार घटकांना माणसे, कार्यपद्धती व भौतिक पुरावा या तीन घटकांची जोड दिली. मूळचे भारतीय असलेले ए. परशुरामन यांनी व्हॅलरी झाइटहॅमल व लेनर्ड बेरी यांच्यासमवेत १९८५ मध्ये सेवेच्या दर्जाचे प्रतिमान मांडले. ग्राहकाची अपेक्षा व त्याला आलेला अनुभव यांतील तफावत हे त्याचे मुख्य सूत्र होय. १९८८ मध्ये या तिघांनी दर्जामापनासाठी बावीस विधानांची ‘सर्व्हक्वाल’ ही श्रेणी तयार केली.

या संकल्पनांचा प्रत्यय देणारा व्यवहार मुंबईत त्यांच्या कितीतरी आधीपासून चालू होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायात प्रामुख्याने पुणे जिल्ह्याच्या मावळ, खेड, जुन्नर इ. तालुक्यांतील माणसे आहेत. जेवणाची वेळ टळल्यावर पोहोचलेला डबा निरुपयोगी ठरत असल्याने या सेवेची पत जाहिरातीवर नव्हे, तर डब्यावरील खुणांची पद्धत, लोकलगाड्यांचे वेळापत्रक व परस्परविश्वास यांवर टिकली. हार्व्हर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये तिच्यावर अध्यापनासाठी प्रकरण-अभ्यास प्रसिद्ध केला.

या शाखेच्या पायालाच पुढे आव्हान मिळाले. स्टीफन व्हार्गो व रॉबर्ट लश यांनी २००४ मध्ये सर्वच विनिमयाच्या मुळाशी सेवा असते, असे मत मांडले. तर त्याच वर्षी क्रिस्टोफर लव्हलॉक व एव्हर्ट गुमेसन यांनी वरील चार लक्षणे सर्व सेवांना लागू पडत नाहीत, असे दाखविले. वस्तू व सेवा यांतील सीमारेषा अशा रीतीने पुसट झाली असली, तरी सेवा देणारा माणूस व ती घेणारा ग्राहक यांच्या प्रत्यक्ष संबंधांचा अभ्यास हे या शाखेचे स्थायी योगदान मानले जाते.