बागेतला हुप्पा आणि बाहेरचा पाहुणा

इंग्लंड-अमेरिकेतल्या ज्यू लग्नाच्या निमंत्रणासोबत हल्ली एक जादा पान येतं. लग्न रविवारी दुपारी, हिरवळीवर. टोकदार टाचांचे बूट नकोत, मातीत रुततात. खांद्यावर घ्यायला शाल असू द्या. डोक्यावर घालायची छोटी टोपी, म्हणजे किप्पा, दाराशी टोपलीत मिळेल. विधी चालू असताना फोटो काढू नका. लग्न दोन तरुणींचं असू शकतं, किंवा एक ज्यू आणि एक ख्रिस्ती अशा जोडप्याचं. पहिल्या वाचनाला हे पान शाळेच्या सूचनाफलकासारखं वाटतं, आणि पाहुण्यांना एवढं शिकवायचं कशाला, असा आक्षेपही असतो. पण ‘सर्वांचं स्वागत’ असं छापायला काहीच लागत नाही. लग्न खरोखर सर्वसमावेशक आहे की नाही, ते या पानावरून कळतं. आपल्याकडे मंगलाष्टकांच्या कुठल्या ओळीला अक्षता टाकायच्या हे कुणी सांगत नाही, कारण सगळ्यांना ते माहीत असतं. ज्याला माहीत नाही तो मूठ आवळून शेजाऱ्याच्या हाताकडे बघत बसतो.

बागेतलं लग्न म्हणजे फोटोंसाठी काढलेली टूम, हा समज आधी बाजूला ठेवावा. लग्न ज्याखाली लागतं तो हुप्पा म्हणजे चार खांबांवर ताणलेलं कापड, चारी बाजूंनी उघडं. सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकोचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोझेस इसर्लिस यांनी हा मांडव उघड्या आकाशाखाली घालण्याची चाल नोंदवून ठेवली आहे. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याची संतती ताऱ्यांइतकी वाढेल, या आशीर्वादाशी तिचा संबंध. इंग्लंडच्या कायद्यानंही या बागेला वाट मोकळी ठेवली. १७५३ च्या विवाह कायद्यातून ज्यू आणि क्वेकर पंथाचे ख्रिस्ती यांना वगळलं होतं आणि पुढच्या कायद्यांतही त्यांच्या लग्नांना जागेचं बंधन आलं नाही. उलट, नोंदणी पद्धतीची लग्नं मान्यताप्राप्त ठिकाणीसुद्धा उघड्यावर लावायची मुभा २०२१ मध्ये मिळाली. मात्र ज्यूंची ही सवलत वधूवर दोघंही ज्यू असतील तरच लागू होते. म्हणून मिश्र जोडप्याची कायदेशीर नोंदणी वेगळी उरकलेली असते. बागेत सह्यांचा सरकारी कागद दिसला नाही, तर पाहुण्यानं दचकायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सगळ्यांना सामावून घेताना धर्म पातळ होतो. परंपरानिष्ठ ऑर्थोडॉक्स रब्बी मिश्र किंवा समलिंगी लग्न लावत नाहीत आणि ते त्यांच्या भूमिकेशी प्रामाणिक आहेत. पण अमेरिकेतल्या उदारमतवादी रिफॉर्म रब्बींच्या संघटनेनं २००० साली समलिंगी जोडप्यांचे विधी करणाऱ्या आपल्या सभासदांना पाठिंबा दिला आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथानं २०१२ मध्ये अशा लग्नांसाठी विधींचे नमुने तयार केले. म्हणजे हा बदल विधी मोडून झालेला नाही, बसून विधींवर विचार करून झाला आहे. रूढीप्रमाणे वधू वराभोवती सात फेरे घालते. आता अनेक जोडपी तीन-तीन फेरे वाटून घेतात आणि सातवा एकत्र. अंगठी दोघंही घालतात. केतुबा, म्हणजे साक्षीदारांच्या सह्यांचा विवाहकरार, दोघांच्याही जबाबदाऱ्या लिहितो. सात आशीर्वाद, द्राक्षमद्याचा पेला आणि शेवटी पायाखाली फोडायचा कापडात गुंडाळलेला ग्लास, हे सगळं तसंच राहतं. ग्लास फोडणं ही जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिराची आठवण. हिरवळीवर ग्लास फुटायच्या ऐवजी मातीत रुततो, म्हणून खाली फळी ठेवावी लागते! तो फुटला की सगळ्यांनी ‘मझल टोव’ (अभिनंदन!) म्हणून ओरडायचं. इथे संकोच करणारा पाहुणाच विजोड दिसतो. त्यानंतर जोडपं काही मिनिटं नाहीसं होतं. तेही विधीतच बसतं: दोघांचा पहिला एकांत.

हुप्पाखाली कोणी उभं राहायचं, हा वाद मराठी बोलणाऱ्या ज्यूंनीही सोसला आहे. कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलींच्या लग्नाआधी तिथल्या धर्मपीठानं पिढ्यांची चौकशी लावली होती. मोठं आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये क्नेसेतला, म्हणजे इस्राएलच्या संसदेला, ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं. दार कोण अडवतं आणि कशाच्या बळावर, हे त्या समाजाला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

श्रद्धा नसताना किप्पा घालणं ढोंग नाही का? नाही. तो यजमानाच्या प्रार्थनेचा मान आहे, धर्माचा स्वीकार नव्हे. गुरुद्वारात आपण डोकं झाकतो, तसंच. काही लग्नांत स्त्रियाही किप्पा घालतात, काही पुरुष घालत नाहीत. पान सांगेल तसं करावं. जेवणाबाबत मात्र मोघम राहू नये. कोशर स्वयंपाकात मांस आणि दूध एकत्र येत नाही, म्हणून मटणाच्या जेवणानंतर आइस्क्रीमची वाट पाहू नका, आणि घरून केलेला पदार्थ प्रेमानंही नेऊ नका. आहेर रोख देणार असाल तर १८ च्या पटीत द्या. हिब्रूत ‘जिवंत’ या अर्थाच्या शब्दातल्या अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज तेवढी होते. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र होईपर्यंत शब्बाथ असतो आणि त्या वेळात लग्न लावत नाहीत, हे तिकीट काढताना लक्षात असू द्या.

यजमानाचं कामही या पानावर संपत नाही. हिरवळीवरून व्हीलचेअर जाईल का, हॉरा नाचात खुर्चीवर उचललं जाणं सगळ्यांना झेपेल का, याचा विचार त्यांनीच करायचा. पाहुण्यानं एवढंच करावं: पान नीट वाचावं, आणि काही कळलं नाही तर आठवडाभर आधी फोन करून विचारावं. लग्नाच्या दिवशी मात्र जोडप्याला प्रश्न विचारू नयेत.