विरघळणाऱ्या जाळीवर वाढवलेली रक्तवाहिनी

जैवविघटनशील सांगाड्यांचे मूळ विरघळणाऱ्या टाक्यात आहे. पॉलिग्लायकोलिक ॲसिडचा धागा १९७०च्या सुमारास शस्त्रक्रियेत रुळला. ओलाव्यात त्याच्या साखळ्या तुटतात आणि सुटलेले आम्ल शरीर जिरवून टाकते. अशा पॉलिमरवर पेशी वाढवाव्यात, ही कल्पना बोस्टनमध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हाकान्टी यांनी १९८०च्या दशकात पुढे आणली.

रक्तवाहिन्यांची अडचण वेगळी होती. डेक्रॉन या कृत्रिम धाग्याची नळी महाधमनीत वर्षानुवर्षे चालते. सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा अरुंद नळीत मात्र गुठळ्या होतात. १९८६ मध्ये वाइनबर्ग आणि बेल या संशोधकांनी कोलॅजेन व पेशींची नळी घडवली, पण रक्ताचा दाब सोसायला तिला डेक्रॉनच्याच जाळीचा आधार लागला.

१९९९ हे वर्ष कलाटणीचे. लॉरा निकलसन, लँगर आणि सहकाऱ्यांनी पॉलिग्लायकोलिक ॲसिडच्या जाळीवर गाईच्या स्नायुपेशी पेरल्या आणि नळीला मिनिटाला १६५ ठोक्यांच्या गतीने आतून ताण देत ८ आठवडे वाढवले. भित्तिका जाड झाली आणि २,००० मिलिमीटर पाऱ्याहून अधिक दाबाला टिकली. हलत्या नळीतल्या पेशी कोलॅजेन भरभरून विणतात, स्थिर नळीतल्या आळसावतात. त्याच वर्षी मे महिन्यात तोक्योत तोशिहारू शिनओका यांच्या चमूने ४ वर्षांच्या मुलीच्या बंद पडलेल्या फुप्फुसधमनीच्या जागी विरघळणाऱ्या सांगाड्यावर पेशी पेरलेली नळी बसवली. पेशी तिच्याच शिरेतल्या होत्या. सांगाडा ८ आठवड्यांत विरावा असा बेतलेला होता.

हा वेळेचा हिशेब सर्वांत नाजूक. काँक्रीट धरण्याआधी सेंटरिंग काढले तर स्लॅब खाली येतो; पॉलिमर लवकर विरला तर भित्तिका फुगते किंवा फाटते. तो रेंगाळला तर दाह लांबतो आणि नळी आतून आवळते.

खरा धक्का २०१० मध्ये बसला. येलमधील क्रिस्टोफर ब्रॉयर यांच्या गटाने उंदरांमध्ये पाहिले, तर पेरलेल्या पेशी काही दिवसांतच नाहीशा झाल्या होत्या. जाण्यापूर्वी त्यांनी रासायनिक हाक देऊन मोनोसाइट, म्हणजे दाह घडवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, बोलावल्या होत्या, आणि नवी भित्तिका यजमानाच्याच पेशींनी उभारली होती. ज्या दाहाला सगळे शत्रू मानत होते, तोच गवंडी निघाला. मुलांमध्ये बसवलेल्या काही नळ्या मात्र अरुंद होत राहिल्या. २०२० मध्ये याच गटाने मेंढ्यांमध्ये दाखवले की हे आकुंचन पुष्कळदा आपोआप ओसरते.

निकलसन यांनी दुसरी वाट धरली: दात्याच्या पेशींकडून भित्तिका विणून घ्यायची, मग पेशी धुऊन काढायच्या. उरलेली कोलॅजेनची नळी कोणत्याही रुग्णाला चालते, आणि तिच्यासाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अशा नळीला मान्यता दिली. हातापायाची धमनी तुटलेल्या आणि स्वतःची शीर वापरता न येणाऱ्या प्रौढांसाठी. सोबतच्या माहितीपत्रकात नळी फाटण्याचा आणि जोड उसवण्याचा इशारा चौकटीत छापलेला आहे.