दगडाच्या फटीतली मयूरशिखा

शास्त्रीय नाव ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा. उंची जेमतेम वीतभर, पानं उघडलेल्या पंख्यासारखी. उन्हाळ्यात ती आक्रसून तपकिरी होतात. मेलं समजून उपटू नका, पाऊस पडला की हेच नेचं पुन्हा हिरवं होतं. २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला याहून शहाणं झाड कोणतं?

ते लावायला दगड लातूरचा बेसॉल्ट चालतो, देगलूरकडचा ग्रॅनाइटही. काळी माती मात्र नको: ती पाणी धरते, मुळं कुजतात. फटीत मुरूम, जुन्या चुन्याचा चुरा आणि थोडं पालापाचोळ्याचं खत भरा. लागवड जून-जुलैत. दुपारचं ऊन दगडानंच अडवावं. रोप रोपवाटिकेतूनच घ्या. किल्ल्याच्या भिंतीतलं ओरबाडलेलं सहसा जगत नाही.