दाबलेल्या हवेतले पाणी

मोठा मालट्रक किंवा बस इंजिन चालू ठेवून उभी असताना तिच्या खालून मधूनच ‘फुस्स’ असा जोरदार आवाज आलेला तुम्ही ऐकला असेल. दर वेळी तो ब्रेकचाच असतो असे नाही. पुष्कळदा गाडी ब्रेकच्या हवेतले पाणी बाहेर टाकत असते. हवेत पाणी कोठून आले? आणि ते काढण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? ते आता पाहू.

जड वाहनांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. इंजिनाला जोडलेला काँप्रेसर बाहेरची हवा ओढून घेतो, ती दाबतो आणि टाकीत साठवतो. चालकाने पाय दाबला, की ही हवा नळ्यांतून चाकांपर्यंत जाते आणि ब्रेक लागतात.

पण बाहेरची हवा कोरडी नसते. ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर जागेत फार तर ३० ग्रॅम बाष्प मावते. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्या हवेत दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. अशी आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात कोंबली, तर तिच्याबरोबर १९२ ग्रॅम बाष्पही आत येते. दाबताना हवा तापते, तोवर बरेचसे बाष्प टिकून राहते. पण ती पुन्हा ३० अंशांपर्यंत निवली, की काय होईल? दाब वाढला म्हणून एक घनमीटर जागेत जास्त बाष्प मावू लागत नाही! ३० ग्रॅम बाष्प उरते आणि बाकीच्या १६२ ग्रॅमचे पाणी होते. म्हणजे जवळजवळ पेलाभर पाणी!

टाकीच्या तळाची तोटी उघडून हे पाणी काढता येते. पण उरलेली हवा संपृक्तच असते. पुढे नळ्यांत ती आणखी थंड झाली, की पुन्हा थेंब जमतात. त्याने झडपा गंजतात. लडाखसारख्या थंड प्रदेशात तर त्याचा बर्फ होतो. बर्फाने वाट अडली, तर चालकाने पाय दाबूनही हवा चाकापर्यंत पोचणार नाही. घाटात याचा अर्थ काय होईल, हे सांगायला नकोच.

म्हणून टाकीच्या आधी एका डब्यात विशिष्ट पदार्थाचे बारीक मणी भरून त्यांतून हवा नेतात. सिलिका जेल, सक्रियित ॲल्युमिना आणि ‘रेणू-चाळणी’ हे असे पदार्थ होत. हे मणी वरून गुळगुळीत दिसले, तरी आतून असंख्य सूक्ष्म छिद्रांनी पोखरलेले असतात. एका ग्रॅम सिलिका जेलमधील छिद्रांच्या भिंती पसरता आल्या, तर त्या सुमारे ६५० चौरस मीटर, म्हणजे कबड्डीची पाच मैदाने भरतील! पाण्याचे रेणू या भिंतींना चिकटून बसतात. या क्रियेला ‘अधिशोषण’ म्हणतात. चांगल्या शुष्कक यंत्रातून निघालेली हवा उणे ४० अंशांपर्यंत निववली, तरी तिच्यात पाणी किंवा हिम धरत नाही.

मणी भरून गेले म्हणजे? ते फेकण्याची गरज नसते. टाकीत पुरेसा दाब झाला, की डब्याच्या तळाची झडप उघडते आणि आतला दाब एकदम उतरतो. मग थोडी कोरडी हवा उलट दिशेने मण्यांतून सोडतात. दाब उतरल्याने ही हवा कितीतरी पट पसरते. तिच्या प्रत्येक घनमीटरात बाष्प नाममात्र उरते, म्हणून मण्यांना चिकटलेले पाणी ती सहज उचलून बाहेर नेते. आपण ऐकतो ते ‘फुस्स’ हेच! कारखान्यांत असे दोन डबे असतात. एक हवा सुकवतो, तेव्हा दुसरा स्वतः सुकतो. भट्टीची उष्णता न वापरता मणी सुकवण्याच्या या युक्तीचे पेटंट चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांना अमेरिकेत १९६० मध्ये मिळाले.

मण्यांचा शत्रू म्हणजे काँप्रेसरचे तेल. त्याच्या थराने छिद्रे बुजली, की मणी निकामी होतात आणि डबा बदलावा लागतो. शुष्कक असूनही टाकीच्या तोटीतून पाणी येऊ लागले, तर ती त्याची खूण समजावी.

आता घरी एक प्रयोग करा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या बरणीत मूठभर कुरकुरीत कुरमुरे आणि सिलिका जेलची नवी, न फोडलेली पुडी ठेवा. तेवढेच कुरमुरे उघड्या वाटीत ठेवा. तिसरी वाटणी पुडीशिवाय दुसऱ्या बंद बरणीत ठेवा. दोन दिवसांनी बोटांनी चुरडून पाहा. कोणते सादळले? तिसरी बरणी कशासाठी, याचाही विचार करा. मात्र पुडी फोडू नका आणि प्रयोगातले कुरमुरे खाऊ नका.