प्रथिने कापणारी विकरे आणि फुप्फुसाचा कर्करोग

मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा गर चोळतात. पपईच्या चिकातील पपेन हे विकर प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडते आणि मांस मऊ पडते. प्रथिने कापणारी अशी शेकडो विकरे आपल्या शरीरातही असतात. जठरातील पेप्सिन विद्यार्थ्यांच्या ओळखीचे असते. पण रक्त गोठणे, जखम भरून येणे या कामांतही अशा विकरांचा वाटा असतो.

बेडकाच्या पिल्लाची शेपटी नाहीशी होते, ती कशी? १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर या संशोधकांना त्या शेपटीत कोलॅजेन हे चिवट प्रथिन कापणारे विकर सापडले. पुढे या विकरांचे मोठे कुटुंबच उजेडात आले. त्यांना काम करण्यासाठी जस्ताचा अणू लागतो. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज, थोडक्यात एमएमपी, हे त्यांचे नाव.

याचा कर्करोगाशी संबंध काय? श्वासनलिकांच्या आतील पेशींचा थर एका पातळ पटलावर बसलेला असतो. त्या पटलात चौथ्या प्रकारचे कोलॅजेन असते. कर्कपेशींना पसरायचे तर आधी ही भिंत फोडावी लागते. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरे नेमके तेच कोलॅजेन कापतात. काही विकरे कर्कपेशी स्वतः बनवतात, तर काही आसपासच्या निरोगी पेशींकडून बनवून घेतात. त्यांतली थोडी रक्तातही उतरतात. मग रक्त तपासून रोग लवकर ओळखता येईल का?

प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण हा रोग बराच काळ गप्प राहतो. आपल्याकडे तर खोकला आणि क्ष-किरण चित्रातील डाग पाहून आधी क्षयाची शंका येते आणि मोलाचा वेळ जातो.

अडचण अशी, की एमएमपी-९ पांढऱ्या पेशींमध्येही साठवलेले असते. न्यूमोनिया, क्षय, धूम्रपानाने जडलेला श्वासनलिकांचा दाह, यांतही ते वाढते. शिवाय नळीत रक्त गोठताना पेशी ते बाहेर सोडतात. त्यामुळे रक्त कसे घेतले, यावरही आकडा बदलतो.

आता वर्गात करता येईल असे एक गणित पाहू. समजा, १००० माणसांत १० जणांना हा कर्करोग आहे. चाचणी रोग्यांपैकी ९० टक्के आणि निरोग्यांपैकी ९० टक्के बरोबर ओळखते. म्हणजे ९ रोगी सापडतील. पण ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांनाही 'रोग आहे' असे उत्तर मिळेल. एकूण १०८ जण घाबरतील, त्यांत खरे रोगी फक्त ९, म्हणजे बारांत एक! चांगली वाटणारी चाचणीही सरसकट वापरता येत नाही, ती यामुळेच.

पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी वापरली जाणारी पीएसए ही खूणही प्रथिन कापणारे विकरच आहे. मात्र ग्रंथी वयोमानाने नुसती वाढली तरी पीएसए वाढते.

मग विकराचे प्रमाण मोजण्याऐवजी त्याचे काम पाहिले तर? अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली उंदरांच्या फुप्फुसांत अतिसूक्ष्म कण सोडले. कणांवरचे प्रथिनांचे तुकडे विकरांनी कापले की त्यांवरील खुणा लघवीत उतरत. कोणते तुकडे कापले गेले, यावरून गाठ ओळखता आली. एका विकराऐवजी अनेकांची साक्ष घेण्याची ही युक्ती आहे.

माणसांत लवकर निदानासाठी आधार आहे तो कमी मात्रेच्या सीटी स्कॅनचा. खूप धूम्रपान करणाऱ्यांवरील अमेरिकी चाचणीत त्यामुळे या कर्करोगाचे मृत्यू साध्या क्ष-किरण तपासणीच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटल्याचे २०११ साली दिसले. विकरांची साक्ष त्याच्या जोडीला उभी राहण्यासाठी आधी दाह आणि कर्करोग यांतला फरक सांगू शकली पाहिजे.