पाण्यावरची पाळी



गळीत हंगाम उरकला की आपली बरीच मंडळी गोवा-कोकणात समुद्रावर जाऊन येतात. म्हणून एका निराळ्या सहकाराची माहिती आम्ही देत आहोत.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर १९०७ साली पोहणाऱ्यांनी जीवरक्षक मंडळ काढले. सभासदांनी उन्हाळाभर पाळीपाळीने, बिनपगारी पहारा द्यायचा. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी शेकडो माणसे आत ओढली. मंडळाचे बरेच सभासद किनाऱ्यावरच होते. सुमारे २५० जणांना बाहेर काढले, ५ दगावले. पहारा नसता तर काय झाले असते?

गोव्यात २००८ पासून पगारी जीवरक्षक आहेत. तिथे लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच पोहावे. नुसते लाल निशाण दिसले तर पाण्यात उतरू नये. प्रवाहाने आत ओढले तर त्याच्याशी झुंजू नये; किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावे, हात वर करून हाक मारावी.

आपल्याकडे समुद्र नाही. पण नाथसागर, गोदाकाठ, विहिरी, शेततळी आहेतच ना! शेततळ्याच्या कागदावर शेवाळ धरले की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे मुश्कील. तेव्हा भोवती कुंपण करा, गाठी मारलेला दोर काठाला पक्का बांधा, हवा भरलेली ट्यूब हाताशी ठेवा. पोरांना एकटे सोडू नका.

उसाला पाणी द्यायची पाळी आपण रात्री-अपरात्री सांभाळतो. माणसासाठीही एक पाळी धरावी, ही नम्र विनंती.