ट्रॉलीचा रंग सुटल्यास तो पुन्हा कसा द्यावा?

हौसेने रंगविलेल्या ट्रॉलीचा रंग पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरून सुटू लागला, म्हणजे शेतकरी बहुधा रंगास दोष देतो व त्याच पोपड्यांवर नवा हात चढवितो. हा दुसरा खर्चही वाया जातो. कारण खालचा थर सुटला, की वरचा त्याच्याबरोबर गळून पडतो.

प्रथम दोष ओळखावा. पोपड्याखाली गंज दिसल्यास पूर्वी तो पुरता काढला नव्हता असे समजावे. फोड आले असल्यास आत ओल, तेलकटपणा किंवा खताचे क्षार राहिलेले असतात. सुरकुत्या पडल्या असल्यास पहिला हात वाळण्यापूर्वीच दुसरा जाड हात दिलेला असतो.

उरलेला रंग घट्ट आहे काय, हेही पाहावे. धारदार पात्याने त्यावर उभ्या-आडव्या रेघा ओढून बारीक चौकटी पाडाव्यात, त्यांवर चिकटपट्टी दाबून बसवावी व झटक्याने ओढावी. चौकटी निघून आल्यास तेथील रंग पत्र्यापर्यंत खरवडावा. त्या न निघाल्यास पॉलिश पेपरने चकाकी घालविणे पुरेसे होते.

ट्रॉली आधी साबणाच्या व मग स्वच्छ पाण्याने धुवावी, म्हणजे तेलकटपणा व क्षार निघून जातील. सुटा रंग ओला करूनच खरवडावा. पत्रा पूर्ण वाळल्यावर तारेच्या ब्रशाने गंज काढावा. सांधे व तळ विसरू नयेत. उघडा पत्रा रात्रीच्या दवाने पुन्हा गंजतो, म्हणून त्याच दिवशी झिंक फॉस्फेटयुक्त प्रायमर लावावा. झिंक क्रोमेटयुक्त प्रायमर कर्करोगकारक असल्याने टाळावा. त्यावर एनॅमलचे दोन पातळ हात, डब्यावर सांगितलेले अंतर राखून, द्यावेत. दमट हवेत किंवा उन्हाने तापलेल्या पत्र्यावर रंग देऊ नये.

एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली आहे. परंतु हे नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरतेच आहेत. म्हणून हे काम गोठ्यापासून दूर, खाली ताडपत्री अंथरून व नाकातोंडावर धूळरोधक मास्क बांधून करावे. मुलांस जवळ येऊ देऊ नये. पोपडे गव्हाणीत वा वैरणीत गेल्यास शिशाच्या विषबाधेने जनावर दगावू शकते. ते सर्व वेचून बंद डब्यात ठेवावेत.

या कामाचा बहुतेक वेळ खरवडण्यात जातो. तो वाचविण्याचा मोह धरू नये. रंग किती वर्षे टिकेल हे तेथेच ठरते.